वजा केलेली पोरगी

संध्याकाळी साडेपाचला कोबीचा ट्रक निघून गेला, आणि त्यानंतर घरातल्यांच्या लक्षात आलं की भिंगरी कुठे दिसत नाही. ती कधीपासून दिसत नाही, हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही. दिवसभर घर माणसांनी भरलेलं होतं. शेतात कोबी तोडायला बायका आल्या होत्या, बांधावर हमाल होते, गल्लीत नेहमीची ये-जा होती. पाच वर्षांची पोरगी या सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही, असं सकाळीच ठरलं होतं.

ठरवलं होतं तिच्या आजीने, गोठ्यात, दूध काढायच्या वेळेला.

झालं होतं ते इतकंच. आजी बादली घेऊन गाईखाली बसली, आचळांना हात लावला, तर आचळं मोकळी. दूध नाही. मागे वळून बघते, तर वासरू सुटलेलं, तोंडाला फेस, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून भिंगरी उभी.

"कुणी सोडलं हे?"

"मी नाही सोडलं."

"मग काय वासराला हात फुटले?"

"मी आले तेव्हा ते पितच होतं, आजी."

"परवा कोण म्हणत होतं, वासरू रडतंय, सोडू या म्हणून?"

"मी म्हणत होते. पण सोडलं नाही."

आवाज ऐकून भिंगरीची आई आणि काकू गोठ्याच्या दाराशी आल्या. भिंगरीचा बाप क्रेट धूत होता, तोही ओल्या हातांनी आला. आजीने बादली बाजूला ठेवली आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली, "हे बघ. दूधकेंद्रावर आज रिकामी किटली जाणार. गेली तर गेली. तू 'चुकले' म्हण, विषय संपला."

"पण मी नाही चुकले."

काकूला हसू आलं. "बापावर गेलीय अगदी!"

बापही हसला. "मी दोन दिवस टिकलो होतो. बघू, ही किती टिकते."

भिंगरीने बापाकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. आजी उठली, हात झटकले आणि एकच शब्द बोलली.

"वजा."

हा त्या घरातला शब्द होता. पोरगं खोटं बोललं, हट्टाला पेटलं, काही सांडून नामानिराळं झालं, की त्याला वजा करायचं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. जेवणाचं ताट जागेवर ठेवायचं. जेव म्हणायचं नाही. अंथरूण घालायचं, झोप म्हणायचं नाही. ते समोर आलं तर भिंतीकडे बघावं तसं त्याच्यापलीकडे बघायचं. पोरगं स्वतःहून येऊन 'चुकलो' म्हणेपर्यंत. बहुतेक पोरं दिवस मावळायच्या आत येत. मग आजी त्याला मांडीवर घेई, स्वतःच्या हाताने भरवी, आणि घरातली सगळी एकदम बोलायला लागत. ती घटका एवढी गोड असे की आधीचा दिवस कुणाला आठवत नसे. आजीने हे तिच्या सासूकडून घेतलं होतं. त्याच रीतीने तिने मुलगे वाढवले, नातवंडं वाढवत होती, आणि गल्लीतल्या दोन-तीन घरांनीही तिचं बघून तसं सुरू केलं होतं. कुणाचं पोर वजा असलं की शेजारी ते पाळत. गिरणीत, दूधकेंद्रावर, सगळीकडे. न पाळणं म्हणजे दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसणं.

भिंगरीच्या आईला ही रीत पहिल्यापासून आवडली होती. तिच्या माहेरी रीत वेगळी होती. तिचा बाप ओल्या दोरखंडाने मारायचा, आणि एकदा दोरखंड हाताशी नव्हता म्हणून त्याने कानाखाली लावली, तर त्या कानाने तिला आजतागायत कमी ऐकू येतं. लग्न ठरताना सासू बोलताबोलता म्हणाली होती, "आमच्या घरात पोरावर हात उगारत नाहीत." त्या एका वाक्यावर तिने होकार दिला होता. पुढे माहेरी गेली की ती बहिणींना सांगे, "आमच्याकडे पोरांना बोटसुद्धा लावत नाहीत गं. आत्याबाई नुसतं तोंड फिरवतात. काम होतं." बहिणींना खरं वाटत नसे.

त्या सकाळी किटली रिकामीच केंद्रावर गेली, आणि जाताजाता आजीने गल्लीत सांगून टाकलं, "आमची भिंगरी आज वजा आहे बरं का." शिवणाच्या मशीनवर बसलेली शेजारीण म्हणाली, "काय केलं आता भवानीने?" आजीने सांगितलं. शेजारीण हसली आणि मान हलवली.

मग कोबीचं काम सुरू झालं. ट्रक संध्याकाळी येणार, म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. रात्रीचं दव पानांवर होतं, मातीचा चिखल पायाला चिकटत होता. बाया विळ्याने गड्डे कापून बांधावर टाकत होत्या, आणि भिंगरीची आई ढिगाशी बसून बाहेरची फाटकी पानं सोलत होती. सोललेला गड्डा क्रेटमध्ये, पानं मागे. हात यंत्रासारखे चालले होते.

ऊन चढल्यावर भिंगरी आली. आईच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहिली. कुठल्या बाजूने बोललं की आईला ऐकू येतं, हे तिला ठाऊक होतं.

"आई."

आईने गड्डा उचलला.

"आई, बघ ना. माझ्या हातात काय आहे बघ ना."

मूठ आईच्या नाकासमोर आली. आई मुठीवरून पलीकडे, रस्त्याकडे बघत राहिली. मूठ थोडा वेळ तशीच राहिली आणि खाली गेली. काय होतं तिच्यात, ते कळलं नाही.

मग भिंगरीने ढिगातलं एक मोठं पान उचललं, डोक्यावर टोपीसारखं घातलं आणि आईच्या अगदी समोर येऊन उकिडवी बसली. पान एका बाजूला कलंडलं. खालून फक्त नाक आणि हनुवटी दिसत होती. ओळीतली एक बाई फस्सकन हसली, आणि दुसरीने तिला कोपराने ढोसलं. "अगं वजा आहे ती!" भिंगरीच्या आईला आतून हसू फुटत होतं. तिने ओठ दाताखाली धरला, दुसरा गड्डा घ्यायच्या निमित्ताने पाठ वळवली. परत वळली तेव्हा पान जमिनीवर पडलेलं होतं आणि भिंगरी बांधावरून घराकडे चालली होती.

"अवघड असतं बाई," ती हसलेली बाई म्हणाली. "मला नाही जमायचं."

"जमवावं लागतं," भिंगरीची आई म्हणाली. "मारण्यापेक्षा बरं."

तिने पोरीला शेवटचं पाहिलं ते हेच. पाठमोरं.

दुपारी काकूने ताट वाढून जागेवर ठेवलं आणि सगळ्यांचं जेवण घेऊन शेतावर आली. रीत म्हणून तिने पुन्हा ताटाकडे बघितलं नाही. संध्याकाळी ताट निम्मं रिकामं होतं आणि त्यात कोंबडी उभी होती. ते निम्मं पोरीच्या पोटात गेलं की कोंबडीच्या, ते कळायला मार्ग नाही.

ट्रक गेला. भिंगरीची आई हातपाय न धुता घरात शिरली. मनाशी तिने ठरवलं होतं की पोरीला आडोशाला न्यायचं आणि कानात सांगायचं, म्हण बाई एकदाचं, म्हण आणि सुटू या दोघी. स्वयंपाकघरात कुणी नाही. माजघरात नाही. गोठ्यामागे नाही, कडब्यात नाही.

"आत्याबाई, ती कुठे दिसत नाही."

"लपली असेल. तिचा बापही लपायचा."

"हाक मारू का?"

"मार. आणि सकाळपासून केलंय ते घाल पाण्यात. एकदा हाक मारलीस की जिंकली ती, मग जन्मभर तुला नाचवेल." सासू चुलीपुढून हलली नाही. "भूक लागली की येते. पोटापुढे कुणाचा हट्ट चालत नाही."

म्हणून तिने हाक न मारता शोधलं. घराला वळसा घातला, विहिरीत डोकावून आली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली. चालताना तोंडाने नाव घेतलं नाही. शेजाऱ्यांनी तिला तसं मुकाट फिरताना पाहिलं, पण पोरगी वजा आहे हे ठाऊक असल्याने कुणी विचारलं नाही. उजेडाचा शेवटचा तुकडा असा गेला.

दिवा लावायच्या वेळेला सासू गोठ्यात गेली. वासरू तिने सकाळी स्वतःच्या हाताने बांधलं होतं, दुहेरी गाठ मारून. वासरू गाईखाली होतं. गळ्यातलं दावं खुंट्याला तसंच बांधलेलं, गाठ जशीच्या तशी, आणि फास रिकामा. सासूने वासराला ओढून आणलं, फास पुन्हा त्याच्या मानेत घातला आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. वासराने मान खाली घातली, कान मागे पाडले, खुंट्याला डोकं घासलं आणि अलगद फासातून बाहेर आलं.

भिंगरीची आई दारात उभी होती. तिनेही पाहिलं. मग सासू अंगणात आली आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्या घरातून पोरीच्या नावाची हाक गेली.

"भिंगरे! ए भिंगरे!"

हाक ऐकून गल्ली बाहेर आली. आणि मग एकेकाकडून कळत गेलं.

शिवणाऱ्या शेजारणीने सांगितलं, पोरगी दुपारी तिच्या पायरीवर येऊन बसली होती. कापडाच्या चिंध्या गोळा करत होती. "मी झाडायला आले तर तिच्या भोवतीनं झाडलं," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. "उठ म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. तुम्हीच सांगून गेला होतात ना!"

गिरणीवाला म्हणाला, गिरणी चालू होती, पोरगी दाराशी येऊन काहीतरी ओरडत होती. पट्ट्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. "एरवी मी गिरणी बंद करून विचारलं असतं," तो म्हणाला. "एरवी."

दूधकेंद्रावरचा माणूस सगळ्यात शेवटी बोलला. त्याच्या टेबलाच्या कडेला दोन हात आणि डोळे दिसले होते. पोरगी टाचा उंचावून उभी होती. तिने त्याला सांगितलं होतं, "काका, मी वासरू नाही सोडलं."

"मग? तुम्ही काय म्हणालात?" भिंगरीच्या बापाने विचारलं.

"मी दूध तपासत होतो."

"काय म्हणालात?"

"काही नाही रे. मी नळीकडे बघत राहिलो. ती पुन्हा म्हणाली. मग कालव्याच्या बाजूला गेली."

"कालव्याच्या?"

"त्या बाजूला तोंड होतं. पुढे मी बघितलं नाही."

बाप कालव्याकडे पळत सुटला आणि त्याच्यामागे गल्ली.

हवालदार सकाळी आला. पोक्त माणूस होता, आवाज चढवत नव्हता. ओट्यावर बसून त्याने सगळ्यांना समोर घेतलं.

"अंगात काय होतं पोरीच्या?"

काकूने आईकडे बघितलं.

"कपडे. काय घातलं होतं?"

"निळा फ्रॉक," काकू म्हणाली.

"निळा दोरीवर आहे," आई म्हणाली. "मीच काल धुतला."

"मग पिवळा असेल," काकू म्हणाली.

शेतावर आईच्या नाकाजवळ पोरीची मूठ आली होती. मुठीच्या मागे बाही होती का, ती कुठल्या रंगाची, हे आईला आठवेना. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. रस्ता आठवला, रस्त्यावरचा सायकलवाला आठवला. शेवटी पोरीच्या कपड्यांची पेटी अंगणात उपडी केली, आणि जे कपडे त्यात नाहीत ते अंगावर असणार, असं धरलं. तपकिरी झगा. चप्पल घरातच होती.

हवालदाराने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आजी, खरं सांगा. मारलं होतं का पोरीला?"

"आमच्या घरात पोरावर हात उगारत नाहीत," सासू म्हणाली. आजवर हे वाक्य ती ताठ मानेने म्हणत आली होती. आत्ताही तसंच म्हणायला गेली, पण शेवटाला आवाज तुटला.

"मग पोरगी घर सोडून का गेली?"

"सोडून नाही गेली," भिंगरीची आई म्हणाली. "ती सगळ्यांकडे जाऊन आली. एकेकाच्या दारात. कुणी घरात घेतलं नाही."

"सूनबाई, गप्प बैस."

"नाही बसत गप्प. दिवसभर बसले होते." ती सासूकडे वळली. इतक्या वर्षांत ती सासूला उलटून बोलली नव्हती, आणि आता बोलताना तिचा आवाज काही मोठा नव्हता. "माझा बाप मारायचा, आत्याबाई. कान फोडला त्याने माझा. त्याला मी माफ केलेलं नाही. पण मारताना तो माझ्याकडे बघायचा तरी. त्याला विचारलं असतं की पोरीच्या अंगात काय होतं, तर त्याने सांगितलं असतं."

सासूने मान खाली घातली. हवालदार उठला.

कालव्याचं पाणी बंद करायला पाटबंधाऱ्याच्या माणसांना सांगावं लागलं. पाणी उतरायला वेळ लागतो. तोपर्यंत दोन्ही काठांनी माणसं फिरत होती, काठ्यांनी झुडपं बाजूला सारत होती. भिंगरीचा बाप आणि आई एका काठाने चालले होते. चालताना तो मध्येच थांबला.

"तुला एक सांगायचंय."

"आता?"

"मी दोन दिवस टिकलो होतो ना. आमच्या घरात ती गोष्ट हसून सांगतात. मीही हसूनच सांगतो." तो पाण्याकडे बघत होता. "दुसऱ्या दिवशी मी विहिरीच्या कठड्यावर चढून उभा राहिलो होतो. आई समोर धुणं धूत होती. म्हटलं, आता तरी ओरडेल, उतर म्हणून."

"मग?"

"नाही ओरडली. तिला दिसलोच नसेन. की दिसलो होतो, ते मला आजवर कळलेलं नाही. खूप वेळ उभा होतो. मग भूक लागली, उतरलो आणि 'चुकलो' म्हटलं."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"मी कुणालाच नाही सांगितलं."

"आणि काल गोठ्यात म्हणालात, बघू किती टिकते." 

तो खाली बसला. ती थांबली नाही. पुढे चालत गेली.

पलीकडच्या काठाला सासू होती. तिच्याबरोबर दूधकेंद्रावरचा माणूस होता, तिला धरून. पाय चिखलात रुतत होते, ती ते काढून पुन्हा टाकत होती. ती ओरडत होती, आणि ऐकणाऱ्यांना पहिल्यांदा नीट कळलं नाही काय ओरडते आहे ते.

"भिंगरे, मी चुकले गं! ए बाय, मी चुकले! वासरू आपणहून सुटतंय! मी चुकले!"

त्या बाईच्या तोंडून हा शब्द गावात कुणी कधी ऐकला नव्हता. तिच्या मुलानेही नाही. काठावरची माणसं काठ्या थांबवून क्षणभर उभी राहिली, मग पुन्हा कामाला लागली.

पाणी उतरलं. तळात गाळ होता, एक फुटकं घमेलं होतं, कुणाची तरी जुनी सायकल होती. पोरगी नव्हती. भिंगरीची आई तिथे गुडघ्यांवर बसली आणि तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली, कारण पोरगी इथे नाही याचा अर्थ फक्त एवढाच होता की ती इथे नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेंढपाळ आला. पलीकडच्या माळावर त्याचा मुक्काम असतो. या गावाशी त्याचा संबंध नाही, आणि इथल्या कुणाची पोरगी वजा आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणाची तरी पोर हरवल्याचं त्याने रस्त्यावर ऐकलं आणि मेंढ्या बायकोवर सोडून तो चालत आला. अंगणात उभ्याउभ्याच बोलला.

"ती त्या दिवशी कालव्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसली होती. ऊन कलायला लागलं होतं. मी मेंढ्या घेऊन पूल ओलांडत होतो."

"तपकिरी झगा?" हवालदाराने विचारलं.

"तपकिरी. बाहीचं बटण तुटलेलं. पाय अनवाणी, आणि केसांत कोबीच्या पानाचा तुकडा अडकलेला." त्याने आईकडे बघितलं. "एवढीशी पोर एकटी कशी, म्हणून मी थांबलो. तर तिनेच मला विचारलं."

"काय विचारलं?"

"म्हणाली, काका, मी तुम्हाला दिसते का?"

त्याने खांद्यावरचं घोंगडं सावरलं.

"मला काही उमजेना. म्हटलं, पोरं काहीही खेळ खेळतात. मी म्हटलं, दिसतेस की! चांगली दिसतेस. तर हसली. खाली उतरली आणि मेंढ्यांच्या मागे चालायला लागली."

"तुमच्याबरोबर?" बापाने पुढे येऊन त्याचा हात धरला. "तुमच्याबरोबर आली ती? कुठे आहे?"

"मागे होती, दादा. मी पुढे. वळणापर्यंत होती, मी वळून पाहिलं तेव्हा एका कोकराला हात लावत होती. पुढे एक मेंढी चिखलात अडकली, तिला काढण्यात गुंतलो. नंतर पाहिलं तर नव्हती. वाटलं, घरी गेली. पोरं येतात अशी थोडी मागे, मग कंटाळून जातात." तो घुटमळला. "मी हाक मारली असती. पण नाव ठाऊक नव्हतं."

भिंगरीच्या आईने त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "नक्की हसली ती?"

"हो ताई. दिसतेस म्हटल्यावर हसली."

तिने त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

त्या वळणावरून तीन वाटा फुटतात. एक मोठ्या रस्त्याला लागते, एक वीटभट्ट्यांकडे जाते, एक माळावरून टेकडीत चढते. मोठ्या रस्त्यावर गाड्यांच्या ड्रायव्हरांना विचारून झालं. भट्ट्यांवरची खोपटं बघून झाली. आज सकाळी भिंगरीचे आईबाप आणि तो मेंढपाळ टेकडीच्या वाटेला गेले आहेत. अजून परतलेले नाहीत.